दाणा पडला का बघा

सांगलीच्या दवाखान्यात पॅथॉलॉजी खात्यात मी रुजू झाले, तेव्हा तिथे आधीच एक बाई होत्या. पहिल्याच दिवशी खात्याचे प्रमुख असलेल्या सरांनी मला मागच्या अंगणात नेलं आणि रीतसर ओळख करून दिली. "या आमच्या थोरल्या बाई. आजपासून तुम्ही धाकट्या बाई. त्यांची नेमणूक तुमच्या आधीची आहे, तेवढा मान ठेवा." थोरल्या बाई कडुलिंबाला बांधलेल्या होत्या आणि घास चघळत होत्या. मेंढी होती ती. काळ्या तोंडाची, एका कानाला चीर पडलेली.

मी डॉक्टर होऊन, घरच्यांशी वर्षभर वाद घालून, दोन पोरं सासूबाईंच्या हवाली करून नोकरीवर आलेली. मला काही ती गंमत वाटली नाही. संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, माणूस सरकलेला आहे. पुढे सर निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केलं आणि माझं ते मत काही बदललं नाही. फक्त त्याची काळजी वाटेनाशी झाली.

मेंढीला ते शेवटपर्यंत अहो-जाहो करत. सुई टोचताना म्हणत, "बाई, जरा मान वर घ्या. झालंच बघा." आणि आमचे सिव्हिल सर्जन, म्हणजे अख्ख्या दवाखान्याचे प्रमुख, ज्यांना बघून अख्खा वॉर्ड ताठ व्हायचा, त्यांना मात्र चारचौघांत "अरे" म्हणत, कारण दोघं साताऱ्याला शाळेत एका बाकावर बसलेले. सिव्हिल सर्जनांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्याला समजवा हो जरा. मेंढीला देतो तेवढा तरी मान मला द्यावा." मी निरोप पोचवला. सर विचारात पडले. मग म्हणाले, "पण तो रक्त कुठे देतो?"

दिसायला उंच, काटकुळे. गळ्यात नेहमी एक थर्मास अडकवलेला, लोक चष्मा अडकवतात तसा. कोटाच्या एका खिशात नळ्यांची रबरी बुचं आणि त्यातच गुळाचे खडे, कारण सांगलीत राहून गूळ विकत घेऊन ठेवायचा नाही, येता-जाता बाजारातून खडा उचलायचा, असं त्यांचं तत्त्व. बोलता बोलता एकदा त्यांनी बूच तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं. मी बघत होते. म्हटलं, यांच्या लक्षात कधी येतंय ते बघू. शेवटी ते म्हणाले, "यंदाचा गूळ चिवट आहे."

साताऱ्याचा अभिमान तर विचारूच नका. सांगलीच्या उकाड्यात नमुने नासले, की साताऱ्याचं नाव निघायचंच. "साताऱ्याला असतो तर बर्फाची गरजच पडली नसती." माझं माहेरच साताऱ्याचं, मला ठाऊक होतं की साताऱ्यालाही मे महिन्यात घाम येतो. पण सरांचा सातारा वेगळाच होता, तिथे बारा महिने पौष असायचा.

आता ही मेंढी कशासाठी, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

सरांना वेड होतं सारकोमाचं. हाडात, स्नायूत, चरबीत उगवणारा कॅन्सर तो, आणि मेला धरतो बहुतेक तरण्याताठ्या पोरांना. सरांचं म्हणणं असं, की ही गाठ आपल्याच अंगातली असली तरी तिच्यावर काहीतरी परकं असतं. ते परकं डॉक्टरच्या हाताला लागायच्या आधी रोग्याच्या रक्ताला कळतं आणि रक्त त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. तेव्हा रोग्याचं रक्त घ्यायचं, गाठीच्या समोर उभं करायचं आणि विचारायचं, हिला ओळखतोस का? "साक्षीदार आत बसलाय बाई," ते मला म्हणत, "आणि आपण बाहेर गावभर चौकशी करतोय."

परदेशात हे काम चकाकणारे रंग आणि भारी सूक्ष्मदर्शक घेऊन चाललं होतं. त्याबद्दलची मासिकं बोटीनं, शिळी होऊन आमच्याकडे यायची. तसला सूक्ष्मदर्शक आम्ही फक्त त्या मासिकातल्या जाहिरातीत बघितलेला. पण सरांना तरुणपणी गरमीच्या रोगाची, म्हणजे सिफिलिसची, जुनी रक्ततपासणी हातखंडा येत होती. तीच त्यांनी या कामाला जुंपली. बारीक काचेच्या नळीत गाठीचा अर्क घालायचा. त्यात रोग्याच्या रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे सीरम. मग गिनिपिगच्या रक्तातला एक घटक, ज्याचा धंदाच रक्तपेशी फोडायचा. आणि सगळ्यात शेवटी थोरल्या बाईंच्या तांबड्या पेशी, आधीच अँटिबॉडी लावून फुटायला तयार केलेल्या. सीरमनं गाठीला ओळखलं असेल, तर तो फोडणारा घटक त्या दोघांच्या झटापटीतच खर्च होतो. मेंढीच्या पेशी शाबूत राहतात आणि नळीच्या तळाशी लाल दाणा होऊन बसतात. ओळखलं नसेल, तर पेशी फुटतात आणि अख्खी नळी कोकम सरबतासारखी होते. दाणा पडला तर ओळख आहे, सरबत झालं तर नाही. आमच्या खात्यात दिवसभर हे दोन शब्द चालायचे, आणि नवीन माणसाला वाटायचं की इथे खानावळ आहे.

यात सरांचा एक मोठा वैरी होता, तो म्हणजे त्यांचा स्वतःचा डोळा. कधीकधी दाणा अर्धवट पडतो, थोडं सरबत, थोडा दाणा. अशा वेळी माणूस हवं ते बघतो. सर म्हणत, "मला दाणा हवाय ना, म्हणून मला दाणाच दिसणार. माझ्यावर विश्वास ठेवू नका." म्हणून नळ्यांवरची नावं मी कागद चिकटवून झाकायची, आणि तेवढ्यानंही समाधान न होऊन सर दारात उभे राहायचे. जो दिसेल त्याला आत ओढायचे. दूधवाला, एक्स-रेचा कारकून, कुणाचा तरी डबा घेऊन आलेली बाई. "या, या. काही नाही, एवढंच सांगा. दाणा पडला का बघा." एकदा चोरीच्या चौकशीला आलेल्या हवालदारालाच धरलं. तो नळीकडे आणि सरांकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "साहेब, मला यात साक्षीला घालू नका."

कुणी मत विचारलं की त्यांचं एकच उत्तर. "माझं मत काय करायचंय? नळीला विचारा." ते उत्तर ते कुठेही देत. माझ्या नणंदेला बघायला मुलगा येणार होता, तो ओळखीचा निघाला म्हणून मी सरांना विचारलं, कसा आहे. म्हणाले, "नळीत घालता आला असता तर सांगितलं असतं."

गाठी मिळवणं हेही एक प्रकरण होतं. साताऱ्याचे एक सर्जन त्यांचे दोस्त. तिथे शस्त्रक्रिया झाली, की गाठीचा तुकडा बर्फात घालून थर्मासमधून यायचा, एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली. एकदा कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी थांबली असताना एका ड्रायव्हरनं चहा समजून थर्मास उघडला. पुढचं सांगत नाही. त्या दिवसापासून कंडक्टरांनी थर्मास घ्यायचं बंद केलं. दुसऱ्या कुणी तक्रार केली असती. सर एक दिवसाची रजा काढून कऱ्हाडला गेले आणि स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये कंडक्टर-ड्रायव्हरांना बसवून त्यांनी भाषण दिलं. नळ्या नेल्या होत्या, दाणा दाखवला. ज्याचा तो तुकडा होता तो पोरगा कोण, काय वयाचा, तेही सांगितलं. मी नव्हते, पण एक कंडक्टर मला पुढे म्हणाला, "बाई, त्या दिवशी लय जनांचा चा तसाच ऱ्हायला." नंतर सरांचा थर्मास सामानाच्या फळीवर कधी गेला नाही. कंडक्टर तो मांडीवर घेऊन बसायचे.

मारुती आला तो आटपाडीच्या बाजूचा. मेंढरं राखणारं घर. थोडी कोरडवाहू जमीन, पण खरं जगणं मेंढरांवर. पावसाळा सरला की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पुढे चालत राहायचं. विशीतला पोरगा, दोरीसारखा सडसडीत, आणि डाव्या मांडीत नारळाएवढी गाठ. आमच्याकडे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनसाहेबांनी सांगितलं, पाय काढावा लागेल. मारुती खाटेवरून उठून चपला शोधायला लागला. "मंग मी असाच जातू. पाय गेल्यावं मेंढरं काय बसून राखू?" आई होती बरोबर, थोरला भाऊ बिरू होता. दोघांनी त्याला अडवलं नाही. शेवटी सर्जनसाहेबांनी पाय ठेवून फक्त गाठ काढली. पण बजावलं, की पुन्हा काही उगवलं तर मी कुणाचं ऐकणार नाही.

सरांची आणि त्या आईची गट्टी जमली ती मेंढीवरून. बाई वॉर्डात बसून कंटाळली आणि फिरत फिरत मागच्या अंगणात आली. थोरल्या बाईंना तिनं दात, खूर, शेपटीखाली असं सगळीकडून तपासलं, आणि मग सरांना, जे तिला कंपाउंडर वाटले, चांगलं फैलावर घेतलं. "एकटं मेंढरू ठिवत्यात व्हय कुनी? एकटं मेंढरू झुरतंय. रोज कुनीतरी जवळ बसा तिच्या." सर हात जोडून उभे. दुसऱ्या दिवसापासून ते जेवणाचा डबा घेऊन कडुलिंबाखाली मेंढीशेजारी बसायला लागले. सिव्हिल सर्जनांनी वरच्या खिडकीतून ते बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

मारुतीच्या गाठीचा अर्क आम्ही जपून ठेवला होता. त्याचं सीरम त्यासमोर ठेवलं तर दाणा पडला, पण फिका. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरानं चांगला ठसठशीत पडला. सर खूष झाले. गाठ होती तोवर रक्ताचं बळ तिच्याशी लढण्यात जात होतं, आता ते मोकळं झालं, असा त्यांचा हिशेब. आणि याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की कधी दाणा नाहीसा झाला तर समजावं, आत पुन्हा काहीतरी चाललंय. हे त्यांनी सर्जनसाहेबांना सांगितलं. साहेब हसले. "तुमची मेंढी सांगणार, मी कधी कापायचं ते?"

दर महिन्याला एवढ्या लांब येणं मारुतीला झेपेना. तेव्हा असं ठरलं, की त्यांच्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात कंपाउंडरनं त्याचं रक्त काढायचं आणि थर्मासमधून एस.टी.नं पाठवायचं. पहिला थर्मास आला. मी नावं झाकली, सरांनी नळ्या लावल्या, दूधवाल्यानं वाचल्या. कागद काढला तर मारुतीच्या नळीत सरबत. सरांनी वहीत नोंद केली. पुढच्या महिन्यात पुन्हा सरबत. तिसऱ्या महिन्यात कागद काढायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "ती लाल नळी त्याची नाही ना?" त्याचीच होती.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला म्हणाले, "सांगायला तर हवं." आणि स्वतः उठून सर्जनसाहेबांकडे गेले. मारुतीला बोलावणं गेलं. तो आला, तपासला, आणि जुन्या जखमेच्या खाली बोटाला काहीतरी टणक लागलं. एक्स-रेतही अंधूक सावली. सर्जनसाहेबांनी आता वेळ घालवायचा नाही असं ठरवलं. तुकडा काढून बघू या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "सारकोमाला डिवचून पसरवू? आणि तुमचीच नळी तीन महिने ओरडतेय ना?" ज्या नळ्यांना ते आजवर हसले, त्यांच्यावर आता त्यांचा अढळ विश्वास बसला होता. कमरेच्या सांध्यापासून पाय काढायचा ठरला. सोमवारी.

मारुती या वेळी चपला शोधायला उठला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला. जेवेना. बिरू शेजारी बसून त्याच्या त्या पायाचा तळवा चोळत होता, आणि आई बाहेर पायरीवर. वॉर्डातून येताना मला त्या पायाकडे बघवेना.

सर मात्र गप्प बसेनात. "पाय काढण्याआधी नळीला एकदा विचारायला काय जातं?" असं म्हणून त्यांनी स्वतः वॉर्डात जाऊन मारुतीचं रक्त काढलं. आई तेव्हा मारुतीसाठी भाकरी करायला धर्मशाळेत गेली होती. त्यांनी अंगणात जाऊन थोरल्या बाईंना नमस्कार केला, हे मी डोळ्यांनी बघितलं, आणि नळ्या लावल्या. मी नावं झाकली. एक्स-रेच्या कारकुनाला ओढून आणलं. त्यानं बोट ठेवलं ती नळी मारुतीची निघाली. ठसठशीत, टपोरा दाणा.

सर्जनसाहेब चिडले. तीन महिने नाही आणि आज हो, हा काय पोरखेळ आहे? मेंढी बिघडली असेल, नाहीतर तुम्ही. सिव्हिल सर्जनसुद्धा म्हणाले, "अरे, पोराच्या जिवाशी खेळ होतोय, तू आता बाजूला हो." मला वाटलं सर भांडतील. ते शांतपणे परत आले, कोटातून गुळाचा खडा काढला, नीट बघून तोंडात टाकला आणि खिडकीपाशी उभे राहिले.

"बाई," थोड्या वेळानं ते म्हणाले, "सगळे म्हणतात, नळी एकदा तरी खोटं बोलली. आज तरी, नाहीतर आधी तरी. असं धरू या, की ती दोन्ही वेळा खरंच बोलली."

"मग?"

"मग माणसं दोन आहेत."

मला आधी उमगेना. ते मात्र फ्रीजपाशी पोचलेसुद्धा. सर कुठलंही सीरम फेकत नसत, त्यापायी आमच्या फ्रीजमध्ये पाण्याची बाटली ठेवायला जागा नसायची आणि मी त्यावरून कितीदा भांडलेय. त्या दिवशी ते भांडण माझ्या घशातच राहिलं. तीन महिन्यांच्या तीन बाटल्या त्यांनी काढल्या आणि आजचं सीरम शेजारी ठेवलं. रक्तगट बघायचा, एवढंच. दोन मिनिटांचं काम. आजचं रक्त बी गटाचं. त्या तिन्ही बाटल्यांतलं ओ. माणसाचे केस बदलतात, स्वभाव बदलतो, रक्तगट काही महिन्या-महिन्याला बदलत नाही. सर इतके हळू खुर्चीत बसले, की मला वाटलं यांना चक्कर आली.

आई परत येऊन पायरीवर बसली होती. सरांनी तिला खात्यात बोलावलं नाही. स्वतः जाऊन तिच्याशेजारी पायरीवर बसले. मी मागे उभी. ते म्हणाले, "मावशी, आरोग्य केंद्रात रक्त द्यायला कोण जात होतं?"

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "रागं भरू नगा, डागदर. पोराच्या अंगात आदीच रगात न्हाई. आप्रेशनात किती गेलं त्ये म्या बघितलं न्हाई व्हय? आन वर तुमी म्हैन्याच्या म्हैन्याला काडताय. मेंढरू चार दिस चरलं की रगात भरतंय, मानसाचं कुठनं भरंल? मारुतीला म्हनलं, डागदरानं आता मागायचं सोडलंय. आन थोरल्याला म्हनलं, तू जा, मारुतीचं नाव सांग. एकाच कुशीतलं रगात. त्यात काय वायलं आसनार?"

सर ऐकत होते. ती पुढे म्हणाली, "आमच्यात मेंढीचं पिल्लू मेलं तर त्याचं कातडं काडून दुसऱ्या पिल्लाच्या अंगावर घालत्यात. वास तोच. मेंढी त्याला आपलंच समजून पाजती, तिला काय कळत न्हाई. मला वाटलं, तुमची नळीबी वळकायची न्हाई."

मी सरांना कधी मोठ्यानं हसताना बघितलं नव्हतं. ते हसले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "पण ओळखलं, मावशी. नळीनं ओळखलं. तीन वेळा ओळखलं आणि मला कळलं नाही." आईला वाटलं डॉक्टरला काही झालं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काही नाही, सर खूष आहेत.

सर्जनसाहेबांना सगळं सांगितलं. ते मोठ्या मनाचे निघाले म्हणायचे, सोमवारच्या शस्त्रक्रियेवर त्यांनी स्वतः फुली मारली आणि त्या टणक जागेचा तुकडा काढून माझ्याकडे पाठवला. त्या तुकड्याची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा उलटी. जुन्या जखमेचा वण होता, दुसरं काही नाही. सर माझ्यामागे उभे होते, पण काच बघायला तयार नव्हते. "मी बघणार नाही. मला वण हवाय, म्हणजे मला वणच दिसणार. तुम्ही सांगा." मी म्हटलं, "वण आहे, सर." ते म्हणाले, "परत बघा." मी परत बघितली. मग ते वॉर्डाकडे पळत सुटले, गळ्यातला थर्मास छातीवर आपटत.

आता खरी गोष्ट अशी, की सरांच्या कामात एक मोठं भगदाड होतं आणि ते त्यांनाच सगळ्यात जास्त बोचायचं. रोग्याचं रक्त गाठ ओळखतं हे ठीक, पण त्याच घरातल्या, तेच पाणी पिणाऱ्या, त्याच मेंढरांत वाढलेल्या निरोगी माणसाचं रक्त ती ओळखत नाही, हे दाखवायला हवं. आणि निरोगी माणूस रक्त कशाला देईल? त्या भागात सुईच्या नावानं लोक रान गाठायचे. त्या आईनं नकळत नेमकं तेच माणूस नळीपुढे बसवलं होतं, आणि तेही सरांना न सांगता, म्हणजे त्यांच्या डोळ्याला लबाडी करायला जागाच ठेवली नव्हती. हे सरांनी तिला समजावून सांगितलं. तिला किती कळलं कोण जाणे. पण मारुतीला घरी सोडायच्या दिवशी ती आमच्या खात्यात आली, स्टुलावर बसली आणि पदर सावरून हात पुढे केला. "माजं घ्या आदी. मंग बिरूचं. आन दिवाळीनंतर कळप हिकडं उतरला, की आमच्यातल्या समद्यास्नी आनते. किती पायजे तेवडं घ्या." सुई टोचेपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत. सर तिला म्हणाले, "बाई, झालंच बघा." थोरल्या बाईंनंतर तो मान मिळालेली तीच.

आणि आणली तिनं सगळी. चुलते, जावा, भाचे. अंगणात हीऽ गर्दी. थोरल्या बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा सोबत मिळाली, कारण मंडळी चार मेंढरंही घेऊन आली होती. त्या घरातल्या दोन-तीन निरोगी माणसांच्या नळ्यांतही पुढे बारीकसा दाणा पडला. दुसऱ्या कुणी ते दडपलं असतं. सरांनी पुण्याच्या सभेत निबंध वाचला, त्यात तेच आधी सांगितलं, की हे प्रकरण मला वाटलं तेवढं सरळ नाही, आणि का नाही ते मला माहीत नाही. शेवटी आभार मानले, एका मेंढपाळ आईचे, जिनं मला न सांगता माझी परीक्षा घेतली. सभेत लोक हसले. मी हसले नाही. पुढे मोठ्या प्रयोगशाळांनाही या कोड्यात बरीच वर्षं डोकं फोडावं लागलं. सरांचं नाव त्यात कुठे आलं नाही, आणि त्यांनी ते शोधलंही नाही.

काही वर्षांनी सर निवृत्त झाले. थोरल्या बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यांचं रक्त काढणं सरांनी केव्हाच थांबवलं होतं. प्रश्न आला, आता यांना कोण सांभाळणार. निरोप गेला आणि मारुती आला. कळप गावाबाहेर नदीच्या अंगाला उतरला होता. मी म्हटलं, टेम्पो बघू का. तो म्हणाला, "कशाला? चालत न्हेतो की." दावं सोडलं, थोरल्या बाईंच्या पाठीवर थाप मारली आणि निघाला. डावा पाय किंचित ओढत होता, पण टाकत होता. मेंढी मागे मागे, कुरकुर न करता.

सर फाटकात उभे. मी म्हटलं, "सर, बाईंना निरोप तरी द्या." त्यांचं लक्ष नव्हतं. मेंढीकडेही नव्हतं. ते फक्त त्या पायाकडे बघत होते. मारुती वळणापर्यंत पोचला, तेवढ्यात समोरून दूधवाला सायकलवरून आला. सरांनी त्याच्या सायकलचा दांडा धरला.

"जरा तिकडे बघा. तो माणूस चालतोय का?"

दूधवाल्याला आता सवय होती. त्यानं मान वळवून नीट बघितलं. "चालतोय की, सर. चांगला चालतोय."

"नक्की? मला तसं हवंय हो, म्हणून तुम्हाला विचारलं."